अडकवलेलं कुलूप

रात्री दहाला मी फाटक ओढतो.
बिजागरीला तेल घालायचं राहून गेलंय मार्चपासून.
तिच्या आवाजानं पलीकडच्या काठाची कुत्री उठतात
आणि सदबा अंबी नावेतनं विचारतो,
"वाजलं व्हय दहा?"
घड्याळ त्याच्याकडंही आहे.
तरी रोज मलाच विचारतो.

फाटक नवीन. हिरवा रंग, वर भाले.
पंचगंगेच्या या काठावरनं
एका आठवड्यात तीन मोटारी गेल्या होत्या,
तांबं काढून घेतलेली वायरीची टरफलं
पायवाटेवर पडलेली, लसणाच्या सालींसारखी.
मग अर्ज, मग सह्या, मग नारळ,
आणि मी : खाकी शर्ट, शिट्टी, बॅटरी,
महिना नऊ हजार, तेही ठेकेदाराला आठवलं तर.
दहा ते पाच या वाटेवर कुणी यायचं नाही.
तसा बोर्ड आहे.

पण जाळं तीनला उचलावं लागतं.
चारला उचललं तर खेकड्यांनी मासे कुरतडलेले,
पाचला उचललं तर व्यापाऱ्याचा टेम्पो गेलेला.
हे मला गजराबाईनं शिकवलं, गजांच्या पलीकडनं,
डोक्यावर बर्फाची पाटी :
"सायेब न्हवं तुम्ही, आमच्यातलंच हाईसा.
उघडा की वाईच."
"नियम हाय, मावशी."
"नियमाचा काय रस्सा करून खातासा?"

त्या रात्री मी उघडलं नाही.
सदबा पाण्यात, ती रस्त्यावर, मधे मी,
आणि पाटीतला बर्फ वितळून
ओघळ माझ्या बुटापर्यंत आला.

मग ठरलं. कुणी कुणाला न विचारता ठरतं तसं.
किल्ली मीटरच्या डब्यामागं, खिळ्याला.
अडीचला मी पुलाच्या टोकाशी चहाला जायचं,
साडेतीनला परत यायचं.
कुलूप लागलेलं, किल्ली खिळ्यावर,
आणि कधीमधी डब्यावर
केळीच्या पानात एक मरळ.

माघात नलवड्यांची मोटार गेली.
फौजदारानं कुलूप हातात घेऊन हुंगलं.
"मासळीचा वास कसा रे?"
"नदीकाठ हाय साहेब."
घरी जाऊन झोपलो, झोप आली नाही.
किल्ली गळ्यात बांधली, ताईताबरोबर.

सतरा रात्री.
गजराबाई पलीकडं बसायची, शिव्यासुद्धा द्यायची नाही.
सदबा नावेतच पडायचा पोतं पांघरून,
पायाशी मासे उड्या मारून मारून गप्प व्हायचे.

अठराव्या दिवशी मोटार सापडली
वाळूवाल्यांच्या होडीत, पुलाखाली.
पाण्यातनं आले, पाण्यातनं गेले.
फाटकाला त्यांचा वाराही लागला नव्हता.
फौजदार म्हणाला, "तरी फाटक पायजेच."
मलाही वाटतं, पायजेच.
पायऱ्यांवर आता बाटल्या फुटत नाहीत,
आणि पाचला फाटक उघडलं की
सदबाची सून एकटी धुणं घेऊन येते,
आधी सोबतीला नणंद लागायची.
हेही सदबानंच सांगितलं,
तोंड दुसरीकडं करून.

आता दहाला मी कुलूप अडकवतो, दाबत नाही.
लांबनं बॅटरी मारली तर बंद दिसतं.
जवळ येऊन हात लावणारा
एक तर चोर, नाहीतर सदबा,
म्हणून चहा सोडला,
तिथंच अंधारात खुर्ची टाकून बसतो.
सदबा खोकल्यावरनं कळतो.

काल तीनला कुलूप हललं.
खोकला आला नाही.
शिट्टी दातांत धरली, काठी उचलली,
बॅटरी मारली तर सदबाचं धाकटं पोरगं,
एकोणीस वर्षांचं, डोळ्यांवर हात.
बापाला ताप होता.
खोकला अजून लागायचाय याला.

पाटी पलीकडं देऊन परत फिरताना
फाटक कुरकुरलं, कुत्री उठली.
"तेल घालू का हिला?" त्यानं विचारलं.
"नको," म्हटलं, "राहू दे.
तेवढीच राखण."